हात कोणाचा, सही कोणाची

बारावीचा निकाल लागला, की सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी दाखल्यांचा हंगाम सुरू होतो. तहसील कचेरीच्या आवारात आणि सेतू केंद्राच्या खिडकीपुढे उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा, असे नाना प्रकारचे दाखले मिळवण्यासाठी मुले आणि त्यांचे पालक तिष्ठत असतात. आणि त्या गर्दीत दरवर्षी काही मुले-मुली अशी असतात, की ज्यांना वैद्यकाची ओढ मनापासून आहे, परंतु नीट परीक्षेच्या गुणांनी एम.बी.बी.एस.चा मार्ग ज्यांच्यापुरता बंद केला आहे, आणि म्हणून त्याच क्षेत्रातील दुसरा एखादा सन्मानाचा व्यवसाय पत्करण्याचा ज्यांनी निश्चय केला आहे. अशांपैकी एखादी मुलगी ‘मला सोनोग्राफी शिकायची आहे, अर्ज कुठे करू?’ असे विचारते. शिक्षकाच्या पेशामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला आहे, आणि तो अत्यंत स्वाभाविक आहे. क्ष-किरणांच्या काळ्या फिल्मप्रमाणेच सोनोग्राफीचा कागद आता घरोघरी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. बहिणीच्या बाळंतपणात, आजोबांच्या मुतखड्यात, आईच्या पोटदुखीत त्या मुलीने त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी कधी ना कधी काही वेळ बसून काढलेला असतो. आणि हे काम आपल्याला येईल, असे तिला वाटले तर त्यात गैर काय आहे?

गैर काही नाही. परंतु प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर प्रथम तिला हे सांगावे लागते, की ज्या विद्येसाठी ती अर्ज करू इच्छिते, त्या विद्येला आपल्या देशात डॉक्टरच्या सनदेवाचून अधिकार नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. या पदवी अभ्यासक्रमात रेडिओग्राफीची शाखा आहे. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात उमेदवारी केल्यावर त्या शाखेचा पदवीधर क्ष-किरण, सी.टी. आणि एम.आर.आय. ही यंत्रे चालवू शकतो. ज्यांपैकी काहींतून शरीरास अपायकारक होऊ शकेल असे किरण बाहेर पडतात, आणि ज्यांपैकी काहींची किंमत कोट्यवधींच्या घरात जाते, ती यंत्रे त्याच्या स्वाधीन करण्यास आपला कायदा तयार आहे. ज्या यंत्रातून केवळ ध्वनिलहरी निघतात, ते मात्र त्याच्या हाती देण्यास तो तयार नाही. ही विसंगती वरवर पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. परंतु तिच्यामागे जो इतिहास आहे तो शोकाचा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या विषयावर मत देण्याचा कोणाला अधिकार पोहोचत नाही.

गर्भजलाची परीक्षा ही मुळात गर्भातील व्यंगे शोधण्यासाठी आलेली. ती सत्तरच्या दशकात आपल्या देशात रुजली आणि अल्पावधीतच मुलगी नको असलेल्यांच्या कामी येऊ लागली. मुंबईत ऐंशीच्या दशकाच्या मध्यास काही स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान-कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन या प्रकाराविरुद्ध मंच उभारला, आणि त्यांच्या चळवळीचे फळ म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने या परीक्षांचे नियमन करणारा कायदा केला, जो या देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो अंमलात आला १९९६ च्या आरंभी. परंतु तोवर गर्भजलाची सुई मागे पडली होती आणि सोनोग्राफीचे यंत्र गावोगाव पोहोचले होते. आणि कायदा पुस्तकात राहून व्यवहार आपल्या वाटेने चालला होता. पुण्याची मासूम, मुंबईची सेहत या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे राज्य सरकारांची दप्तरे हलली, यंत्रांची नोंद सुरू झाली, आणि २००३ च्या दुरुस्तीने कायद्याला आजचे कडक रूप आले.

या कडकपणाची गरज होती का, याचे उत्तर शिरगणतीचे आकडे देतात. सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या. २०११ मध्ये ८९४. सांगोल्याची शीव ज्या सांगली जिल्ह्याला लागते, त्या जिल्ह्यात २००१ मध्ये हा आकडा ८५१ होता, आणि कोल्हापुरात ८३९. ही दोन्ही जिल्ह्यांची भूमी उसाची, सहकाराची, शिक्षणसंस्थांची, म्हणजे ज्याला आपण प्रगती म्हणतो तिची. आणि यंत्र विकत घेण्याची ऐपत व ते वापरून घेण्याची बुद्धी दोन्ही तेथेच अधिक होती. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ८०७ पर्यंत घसरण झाली. एवढ्या मोठ्या संख्येने ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्या नावाने कायदा करणाऱ्यांनी यंत्राभोवती उंच भिंत बांधली, तर त्यांना दोष देण्यास मी धजणार नाही.

त्या भिंतीची रचना अशी आहे. ज्या केंद्रात सोनोग्राफीचे यंत्र आहे, त्याची नोंद समुचित प्राधिकाऱ्याकडे झालेली असली पाहिजे. यंत्र चालवणारी व्यक्ती नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक असली पाहिजे, आणि तिच्याजवळ त्या विषयातील पदव्युत्तर पदवी किंवा पदविका, अथवा २०१४ च्या नियमांनी ठरवून दिलेले सहा महिन्यांचे, म्हणजे तीनशे तासांचे प्रशिक्षण असले पाहिजे. या सहा महिन्यांच्या तरतुदीवरही दीर्घकाळ वाद चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती तरतूद अग्राह्य ठरवली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे जेथे साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरचा हक्कही न्यायालयाच्या दारात उभा राहिला, तेथे बी.एस्सी. किंवा बी.पी.एम.टी. झालेल्या मुलीची काय कथा! गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीमागे ‘एफ’ नमुना भरावा लागतो: तिचे नाव, वय, पत्ता, आधीची अपत्ये आणि त्यांचे लिंग, शेवटच्या पाळीची तारीख, तपासणीचे कारण, गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही असे तिचे निवेदन, आणि ते आपण कोणत्याही प्रकारे सांगितले नाही असे डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल गेला पाहिजे, आणि कागद दोन वर्षे सांभाळून ठेवला पाहिजे. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आपसांत मिटवता न येणारा आहे; पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. नमुन्यातील चूक ही केवळ कारकुनी चूक मानावी, असे म्हणत प्रसूतितज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही, आणि माझ्या मते योग्यच केले. कारण या कायद्याला तो कागद सोडून दुसरा साक्षीदार नाही. गर्भवती तक्रार करीत नाही, डॉक्टर बोलत नाही, आणि जिचा घात झाला तिला वाचा नसते.

इतके सर्व मान्य करूनही माझे म्हणणे असे आहे, की ही भिंत ज्या ठिकाणी उभी आहे ते ठिकाण चुकले आहे. तिने शिकलेल्या हाताला बाहेर ठेवले आणि गुन्हेगार हाताला आत राहू दिले.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. १९५५ च्या सुमारास ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड हे शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून बाष्पके बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. लोखंडाच्या पत्र्यातील भेगा शोधण्यासाठी तेथे ध्वनिलहरींचे यंत्र वापरले जाई. त्या यंत्राला मांसातील गाठ आणि पाण्याची पिशवी यांतला फरक कळतो की काय, हे त्यांना पाहायचे होते. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी माणसासाठी यंत्र घडवले, आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या जन्मकथेतच या विद्येचा स्वभाव दिसतो: डॉक्टर आणि अभियंता, निदान करणारी बुद्धी आणि यंत्र जाणणारा हात, या दोघांच्या सहकार्यावाचून ती उपजलीच नसती.

क्ष-किरणाचे चित्र एकदा काढले, की ते कोणीही, कोठेही, कधीही पाहू शकतो. सोनोग्राफीचे तसे नाही. मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जाणारी लहर परत येते तेव्हा पडद्यावर जे उमटते, ते अंगावर टेकवलेला प्रोब कोणत्या कोनात धरला आहे, किती दाबला आहे, किती खोलीसाठी लावला आहे यावर अवलंबून असते; आणि जे हाताने शोधलेच नाही, ते नंतर कितीही मोठ्या तज्ज्ञाने चित्र पाहिले तरी त्याला दिसत नाही. एकच उदाहरण घेऊ. गर्भाचे वजन अंदाजण्यासाठी त्याच्या पोटाचा घेर मोजतात. त्या छेदात जठराचा काळा बुडबुडा दिसला पाहिजे, नाळेच्या रक्तवाहिनीचा यकृतातील भाग दिसला पाहिजे, आणि छेद गोल असला पाहिजे. प्रोब किंचित तिरपा धरला, की गोलाचा लंबगोल होतो, घेर खोटा वाढतो, आणि पोटात ज्याची वाढ खुंटली आहे असे बाळ कागदावर सुदृढ ठरते. ती आई निर्धास्त होऊन घरी जाते. असा छेद बरोबर घेण्यासाठी शरीररचनेचे ज्ञान, भौतिकशास्त्राची समज आणि शेकडो रुग्णांवर घडलेला हात एवढ्या गोष्टी लागतात. परंतु शस्त्रक्रिया येणे, औषधशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण होणे, साडेपाच वर्षांचे संपूर्ण वैद्यक पाठ असणे लागत नाही. उलट तीनशे तासांत हा हात घडतो असे मानणारा नियम आणि चार वर्षांत तो घडणारच नाही असे मानणारा नियम, हे दोन्ही एकाच कायद्याच्या पोटात नांदत आहेत.

परदेशात या कामाची विभागणी पूर्वीच झाली. अमेरिकेत सत्तरच्या दशकात हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्य झाला आणि १९७५ मध्ये परीक्षा घेऊन नोंदणी देणारी संस्था स्थापन झाली. तेथे दोन किंवा चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्याला भौतिकशास्त्र, गणित आणि शरीररचनेचे गुण दाखवावे लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णालयाच्या त्या विभागात काही तास स्वस्थ उभे राहून काम पाहिल्याचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. ही शेवटची अट मला फार विचारपूर्वक घातलेली वाटते. दिवसभर हात उचलून, मान वळवून, एका कुशीवर कललेल्या अवस्थेत काम केल्याने खांदा आणि मनगट यांचे कायमचे दुखणे जडते, हे या व्यवसायात सर्वश्रुत आहे. आणि ते उमेदवाराने आधीच डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांची अपेक्षा असते. सोनोग्राफर चित्रे घेतो, मापे घेतो, जे आढळले त्याची तांत्रिक नोंद करतो; अंतिम अहवालावर डॉक्टर सही करतो. ब्रिटनमध्ये गर्भारपणातील नेहमीच्या तपासण्या बहुतांशी सोनोग्राफरच करतात. तेथे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये या पदनामाला अद्याप कायद्याचे संरक्षण नाही, आणि त्यावरून तेथेही खल चालू आहे. पण आपल्याकडील अर्जाच्या नमुन्याशी तुलना केली म्हणजे मन खिन्न होते. आपला अर्ज उमेदवाराच्या कुळाची, उत्पन्नाची, रहिवासाची बारीक रुजवात घेतो, आणि त्याच्या हाताविषयी किंवा डोळ्याविषयी एक प्रश्नही विचारत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो असा, की डॉक्टरांची संख्या मोजकी आहे म्हणून त्यांच्यावर नजर ठेवता येते. हजारो सोनोग्राफर तयार झाले, तर प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक वाडीवस्तीवर गर्भलिंग सांगणारी माणसे उत्पन्न होतील, आणि हातात मावणाऱ्या यंत्रांच्या या काळात त्यांना पकडणे अशक्य होईल. हा आक्षेप काल्पनिक नाही. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घातलेल्या धाडींत, बॅगेत घालून यंत्र फिरवणारे, कोणतीही वैद्यक पदवी नसलेले इसम सापडले आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांनी हे कसब कोणत्या तरी डॉक्टरच्या हाताखाली पाहून-पाहून उचलले होते. ज्यांना मुलींच्या जिवाची काळजी आहे, त्यांनी या गोष्टीने भयभीत व्हावे हे योग्यच आहे.

परंतु याच वस्तुस्थितीचा दुसरा अर्थ पाहा. हे इसम कोठल्याही विद्यापीठातून शिकून आले नव्हते. भिंत उभी असतानाच ते तयार झाले. आणि ज्या प्रकरणांनी महाराष्ट्राला हादरवून सोडले, त्यांतील प्रमुख माणसे तर भिंतीच्या आतलीच होती. परळी-वैजनाथ येथे २०१२ मध्ये गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा मृत्यू झाला, आणि त्या प्रकरणी २०१९ मध्ये न्यायालयाने ज्यांना सक्तमजुरीची शिक्षा दिली, ते डॉक्टर दांपत्य होते. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण उकरून काढले गेले, तेथेही दवाखान्याच्या दारावर डॉक्टरचीच पाटी होती, मग ती होमिओपॅथीची का असेना. वैद्यक पदवी ही सदाचाराची हमी असते, या गृहीतकावर हा कायदा उभा आहे, आणि त्याच कायद्याखालचे खटले ते गृहीतक खोडून काढीत आहेत.

गुन्ह्याला आळा कशाने बसतो याचा एक धडा आपल्याच मुलखात मिळालेला आहे. कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख (जे पुढे २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले) यांनी जिल्ह्यातील सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची चित्रे साठवून ठेवणारे उपकरण जोडण्याची योजना राबवली. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि २०११ मध्ये न्यायालयाने योजना वैध ठरवली. या उपकरणाच्या उपयुक्ततेविषयी जाणकारांत मतभेद आहेत, ते मी बाजूला ठेवतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्यामागील तत्त्व: यंत्र चालवणाऱ्याची पदवी पाहून निश्चिंत न होता प्रत्येक तपासणीचा माग ठेवणे.

आणि येथेच आजच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव उघडी पडते. रुग्णांची रांग दारापर्यंत लागलेली असते, डॉक्टर एक, खोल्या दोन. अशा गर्दीच्या केंद्रांत खाटेवर रुग्णाला घेण्यापासून पडद्यावरची प्राथमिक मापे घेण्यापर्यंतचे काम अनुभवी मदतनिसाच्या हाताने होते, ही कुजबुज या व्यवसायाच्या जवळ वावरणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. अहवालावर सही मात्र डॉक्टरची असते. कायद्याच्या दृष्टीने तो मदतनीस अस्तित्वातच नाही. त्याची नोंद नाही, परीक्षा नाही, वेतनश्रेणी नाही, आणि म्हणून जबाबदारीही नाही. त्याने पोटाचा घेर चुकीचा मोजला तर तो कोणाला उत्तरदायी? त्याने दाराबाहेर सासूला बोटाने खूण केली तर कोणत्या दप्तरात त्याचे नाव सापडेल? ज्या हाताची कायद्याला धास्ती वाटते, त्याची नोंद नाकारून कायद्याने त्याला अदृश्य केले, आणि अदृश्य हातावर कोणत्याही प्राधिकाऱ्याची नजर पोहोचू शकत नाही. याउलट ज्याच्याजवळ चार वर्षे खपून मिळवलेली पदवी आहे, स्वतःचा नोंदणी क्रमांक आहे, आणि एका गुन्ह्याने ती नोंद रद्द होऊन पोटापाण्याचा आधार नाहीसा होईल हे जो जाणतो, त्याला गमावण्यासारखे पुष्कळ असते.

दुसरा एक आक्षेप उघडपणे क्वचितच मांडला जातो, पण तो असतो: डॉक्टरचे काम डॉक्टरनेच करावे, दुय्यम दर्जाचा माणूस खेड्याच्या माथी का मारावा? हा आक्षेप जुना आणि आदरणीय आहे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही सनद घेतलेले डॉक्टर एके काळी महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी सर्वत्र होते. १९४६ मध्ये भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. समितीतील काही सभासदांनी भिन्न मत नोंदवले, पण बहुमत टिकले आणि सनदी डॉक्टरांचा वर्ग पुढे संपला. त्या निर्णयामागील समतेचा आग्रह थोर होता, हे मी मनापासून मानतो. पण पदवीधर डॉक्टर त्या रिकाम्या जागी आला नाही; तो शहरात राहिला, आणि खेड्याच्या वाट्याला उत्तम दर्जाचा अभाव आला. सोनोग्राफरच्या बाबतीत तर दुय्यमपणाचा प्रश्नही उद्भवत नाही, कारण निदानाचा निर्णय डॉक्टरचाच राहणार आहे.

सांगोल्याच्या माणसाला हा अभाव कसा भोगावा लागतो ते सांगण्यासाठी फार लांब जायला नको. माणदेशाची ही कोरडी भूमी. पाऊस बेताचा, डाळिंबाच्या बागेवर संसार, आणि मजुरीचा एक दिवस बुडाला तर त्याची झळ चुलीपर्यंत पोहोचते. मोठ्या तपासणीसाठी पंढरपूर, नाहीतर मिरज, नाहीतर सोलापूर गाठायचे, म्हणजे गर्भवतीबरोबर दुसऱ्या एकाचा दिवसही गेलाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रत्येक गर्भवतीची चोविसाव्या आठवड्याआधी एकदा सोनोग्राफी व्हावी असे सुचवले. त्याच वर्षी आपल्याकडे दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी करण्याचे अभियान सुरू झाले. व्यंग शोधणारी तपासणी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास व्हावी लागते. ती हुकली, की गर्भपाताच्या कायद्यातील मुदतींचा आणि वैद्यकीय मंडळांचा फेरा मागे लागतो. आणि २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद होते, रेडिऑलॉजिस्टचे नव्हते. मानकच जेथे त्या डॉक्टरची अपेक्षा धरत नाही, तेथे त्याच्याशिवाय प्रोबला कोणी हात लावू नये असा नियम करणे, म्हणजे त्या केंद्रापुरती तपासणीच नाकारणे होय.

या कोंडीतून वाट काढण्याची संधी संसदेने स्वतःच दिली आहे. २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला, आणि त्याच्या अनुसूचीत क्ष-किरण व प्रतिमाशास्त्राच्या तंत्रज्ञांमध्ये ‘डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर’ यांचा नामनिर्देश आहे. म्हणजे एका कायद्याने ज्याला व्यावसायिक म्हणून मान्यता दिली, त्याला दुसरा कायदा यंत्राजवळ येऊ देत नाही. आणि अर्ज करणारी मुलगी या दोहोंच्या मधल्या पडीक जागेत उभी आहे. दोन्ही कायदे केंद्राचेच आहेत. त्यांचा मेळ घालणे हे विधिमंत्रालयाला अवघड नाही. त्यासाठी आरोग्य मंत्रालयाची इच्छा हवी.

मेळ कसा घालावा याविषयी माझी कल्पना सावध आहे. आरंभ केवळ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत व्हावा, सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालयासारख्या संस्थेत, जेथे रुग्णांची संख्या मोठी आहे आणि वर देखरेख करणारे प्राध्यापक आहेत. पहिली काही वर्षे सोनोग्राफरने गर्भवतींची तपासणी करूच नये; मूत्रपिंड, यकृत, पित्ताशय, थायरॉइड, पायाच्या रक्तवाहिन्या एवढ्यापुरते काम पाहावे, आणि तेवढ्यानेही आमच्या उन्हाच्या मुलखातील मुतखड्याचे असंख्य रुग्ण मार्गी लागतील. एकाच प्रोबने मूत्रपिंडही दिसते आणि गर्भाशयही, तेव्हा ही मर्यादा कागदी ठरेल, असे कोणी म्हणेल. म्हणूनच प्रत्येक तपासणीची चित्रे साठवली जावीत, त्यांवर हात कोणाचा आणि सही कोणाची हे दोन्ही क्रमांक उमटावेत, आणि त्यांतील काही चित्रे दुसऱ्या जिल्ह्यातील तज्ज्ञाने नावे न पाहता तपासावीत. खाजगी केंद्रांना ही मुभा या अनुभवानंतरच द्यावी. धोका याने शून्यावर येणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि ज्या दिवशी आकडे पुन्हा घसरू लागतील त्या दिवशी हा प्रयोग थांबवण्याचा अधिकार राज्याच्या पर्यवेक्षी मंडळाला असला पाहिजे.

तोपर्यंत अर्ज करणाऱ्या मुलीला काय सांगावे? मी तिला सांगतो, की रेडिओग्राफीची पदवी अवश्य घ्यावी. ती सन्मानाची आहे, शासकीय रुग्णालयांत तिची पदे आहेत, आणि उद्या सोनोग्राफीचे दार उघडले तर प्रथम प्रवेश तिलाच मिळण्याचा संभव आहे. परदेशात शिकण्याची ऐपत असेल तर जावे. मात्र तेथली नोंदणी घेऊन परत आल्यावर येथे प्रोब हाती धरता येणार नाही, हे वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांना स्पष्ट सांगावे. आणि वर्षा-सहा महिन्यांत ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ करून देतो, अशी भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या संस्थेत पाऊल टाकण्याआधी तिच्या चालकांना एकच प्रश्न विचारावा, की हे प्रमाणपत्र घेऊन मी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काम करू? अशा संस्थांनी फसवलेली मुले मी पाहिली आहेत. दोन-दोन वर्षे आणि बापाच्या डाळिंबाचे पैसे खर्चून ती शेवटी कोणाच्या तरी दवाखान्यात टॉवेल आणि जेलची बाटली हाती देण्याचे काम करतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे न दिसणारा हात होतात. नियमांत दुरुस्ती होण्यास वर्षे लागतील. परंतु प्रतिमाशास्त्राचा कोणताही अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आजच्या कायद्यानुसार या शिक्षणाने सोनोग्राफी करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत, माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर आणि प्रवेश-अर्जात उमेदवाराच्या सहीच्या लगत वर छापावे, एवढा हुकूम काढण्यास येत्या प्रवेशाच्या हंगामापूर्वी विद्यापीठाला आणि राज्य शासनाला कोणतीही अडचण नाही.